मडकं का तांब्या?

माझ्या वहीत नोंद आहे : एकोणीस रविवार, सहा उमेदवार, सकाळी सात ते दहा. जागा, आमच्या पाथरीच्या घराची ओसरी. विषय, पदार्थविज्ञानाची मूलतत्त्वं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. एकवीस वर्षं झाली. संपादकांनी नोकरीतल्या अनुभवांवर लिहायला सांगितलं, तेव्हा शाळेवरच लिहावं असं आधी वाटलं. पण वह्या काढून बसलो आणि लक्षात आलं, एकवीस वर्षांतले जे दिवस परत यावेत असं वाटतं ते शाळेतले नाहीत, त्या एकोणीस रविवारांतले आहेत. म्हणून तेवढंच लिहितो.

हैदराबाद राज्याची वाटणी होऊन आमचा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या लगेच नंतरची ही गोष्ट. एका सरकारी खात्यात मापकांच्या जागा निघाल्या. मापकाचं काम बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं, म्हणून सांगतो. नदीच्या पात्रात आकडे रंगवलेली पट्टी रोवलेली असते. तिच्यावर पाणी कुठवर चढलं ते ठरल्या वेळी वाचायचं, पाऊस मोजायचा, तापमान टिपायचं आणि कागद वरच्या कचेरीला पाठवायचा. दिसायला सोपं काम, पण रोज तेच आणि एकही आकडा मनाने घालायचा नाही. पट्टीजवळ राहायला एक खोली मिळे. शिक्षणाची अट सातवी पास. परीक्षा मात्र अवघड होती : पन्नास गुणांचा लेखी पेपर आणि वीस गुणांची तोंडी, सगळी पदार्थविज्ञानाच्या मूलतत्त्वांवर आणि पहिल्यांदाच मराठीतून.

मराठीतून म्हणजे काय, हे आमच्या पिढीला विचारा. मी हैदराबादला उर्दूतून शिकलो. माझ्या डोक्यात बल नव्हतं, कुव्वत होती. घनता नव्हती, कसाफत होती. बाष्पीभवन तोंडात बसायला मला दोन महिने लागले, कारण जिभेवर तबखीर बसलेलं होतं. विलीनीकरणानंतर शाळा मराठी झाल्या. रात्रीतून पाट्या बदलता येतात, डोकं बदलायला वेळ लागतो. मी शब्दांच्या जोड्या लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवल्या होत्या. आमच्या घरच्या म्हणायच्या, "तुम्ही झोपेत उर्दू बोलता आणि जागेपणी संस्कृत. मराठी बोलायला कधी लागणार?"

उमेदवारांपैकी चौघांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. राहिले दोघे. गुलाबराव हे जवळच्याच गावच्या जमीनदाराचे धाकटे चिरंजीव, वय बावीस. डोकं चपळ, तोंड त्याहून चपळ. प्रश्न संपायच्या आत उत्तर देत आणि ते चुकलं तर सर्वांत आधी स्वतःच हसत.

दुसरे सटवाजी. ते दुसऱ्या रविवारी आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि काठीला गुंडाळलेली गोफण. तिसऱ्या खांबाला टेकून बसले ते शेवटच्या रविवारपर्यंत तिथेच बसले. घर धनगराचं. चुलते-भाऊ मिळून मेंढरं, आणि वर्षातले आठ महिने माळरानावर फिरणं. पालमला मामाकडे राहून सातवी पास झालेले. मी फॉर्म तपासला. वयाची अट अठ्ठावीस पूर्ण होण्याआधी, आणि यांचं वय सत्तावीस वर्षं आठ महिने.

"म्हणजे ही एकच संधी," मी म्हणालो.

"एकच हाय, गुरुजी."

"मेंढरं सोडून नदीकाठी एकटं राहणं जमेल?"

"एकटं कशाला? बायको हाय, पोरगी हाय. पाच वरसाची झाली. औंदा तिला शाळंत घालायची." मग म्हणाले, "आमची चूल लय हिंडती, गुरुजी. आज हितं, उद्या सा कोसावर. पोरीची शाळा आमच्या मागं कुठवर पळायची? ती खोली मिळाली तर चूल एका जागी बसंल."

मी फॉर्मवर सही केली. पुढे काय काय झालं तरी मी हे वाक्य विसरलो नाही : चूल एका जागी बसंल.

शाळेतल्या मुलांना मी अरे-तुरे करतो. ओसरीवर मात्र सगळ्यांना अहो-जाहो. एवढा एक नियम सोडला तर शिकवण्याची पद्धत शाळेचीच होती. आधी तत्त्व, मग रोजच्या जगण्यातलं उदाहरण, मग पेपरासारखे प्रश्न. पहिल्या चाचणीत सटवाजींना पन्नासपैकी चोवीस गुण पडले आणि त्या चोवीसवर माझा विश्वास बसेना, कारण ओसरीवर बोलताना ते सगळ्यांच्या पुढे असत.

गोफणीचाच दिवस घ्या. मी विचारलं, दोरीला दगड बांधून गरगर फिरवला आणि दोरी तुटली, तर दगड कुठे जाईल?

"बाहेर! केंद्रापासून सरळ लांब," गुलाबराव म्हणाले. बाकीच्या चौघांनी माना डोलावल्या.

सटवाजी खांबाला टेकलेले सरळ झाले. "तसं आसतं तर लांडग्याच्या जागी आमचंच मेंढरू मेलं आसतं की."

"म्हणजे?"

"दावतो," म्हणून उठले. अंगणात उभे राहिले, गोफणीत एक खडा घातला. "निशाण म्होरं हाय, त्यो बाभळीचा बुंधा. आता हात निशाणाकडं असताना सोडलं तर खडा तुमच्या पत्र्यावर पडंल. हात बाजूला आला की सोडायचं. खडा ज्या अंगाला जायलाय त्याच अंगाला सरळ निघतोय." डोक्यावर दोन वेढे, आणि खडा बाभळीच्या बुंध्यावर टण्णकन वाजला.

आमच्या घरच्या आतून ओरडल्या, "ओसरीवर शाळा आहे का शिकार?"

गुलाबराव म्हणाले, "वहिनी, सटवाजींनी पुस्तकातल्या वर्तुळाला दगड मारला!"

तेव्हा मी स्पर्शरेषा हा शब्द फळ्यावर लिहिला आणि माझ्या लक्षात आलं की मी फक्त शब्द देतोय. बाकी सगळं त्या माणसाकडे आधीच आहे.

मग पेपरात गुण का पडत नाहीत? त्याचा उलगडा पाचव्या रविवारी झाला. मी जुन्या धर्तीवरचा एक प्रश्न फळ्यावर लिहिला : भांड्यात पाणी भरून उन्हात उघड्यावर ठेवले, तर तासाभराने त्याचे तापमान वाढेल की घटेल? पाचांनी लिहिलं, वाढेल. सटवाजींचा कागद कोरा.

"काय झालं?"

"मडकं का तांब्या?"

ओसरी हसली. मी म्हणालो, "भांडं. प्रश्नात एवढंच आहे."

"भांडं तर कायबी आसंल. तांब्या आसंल तर तापंल. मडकं आसंल आन् वारं आसंल तर गार व्हईल. आन् तांब्यालाबी वल्लं घोंगडं गुंडाळलं तर त्योबी गार व्हतोय. आमी उन्हाळ्यात माळावर घागरीला तेच करताव. वारं पडलं की मग न्हाई."

"वारा पडला की का नाही?" मी विचारलं. उत्तर मला माहीत होतं. त्यांना माहीत आहे का ते बघायचं होतं.

"पाणी वाऱ्यावर उडून जायलाय ना, ते घागरीची ऊब संगं घिऊन जातंय. वारंच न्हाई तर जाईल कसं?"

बाष्पीभवनाने थंडावा का येतो हे मी हैदराबादला दोन पानं पाठ करून शिकलो होतो. या माणसाने ते दोन वाक्यांत सांगितलं. गुलाबरावांनी वहीत उतरवून घेतलं. मी बघितलं, शब्दन् शब्द लिहिला, वल्लं घोंगडं सुद्धा.

कौतुक करून झाल्यावर मी माझ्या धंद्यावर आलो. परीक्षेची तयारी करून घेणं म्हणजे विषय शिकवणं नव्हे, ही गोष्ट बाहेरच्यांना सहसा कळत नाही. विषय शिकवताना प्रश्न मोठा करायचा असतो, परीक्षेसाठी तो लहान करायचा असतो. एका प्रश्नाला एक मिनिट. त्या मिनिटात मडकं का तांब्या, वारं हाय का न्हाई, हे विचारायला समोर कोणी नसतं. मी सटवाजींना सांगितलं, "प्रश्नात जे लिहिलं नाही ते नाहीच असं समजायचं. मडकं म्हटलं नाही, तर मडकं नाही. आणि आपण माळावर काय करतो ते पेपरात आणायचं नाही. पुस्तकात काय आहे तेवढंच."

"पुस्तकात न्हाई आन् माळावर हाय, आसं आसलं तर?"

"तर परीक्षा होईपर्यंत माळ विसरा."

ते हसले. पण विसरायला लागले. मन लावून विसरायला लागले. पुढच्या चाचण्यांत अठ्ठावीस, तेहतीस, सदतीस. वहीत त्यांच्या गुणांची ओळ चढत गेलेली आहे आणि ती काढताना मला किती आनंद होत होता हे अजून आठवतं.

दुसरा नियम मी आकड्यांवरून काढला. मला सगळं मोजायची खोड आहे. चाचण्यांचे कागद तपासताना जिथे जिथे उमेदवाराने पहिलं उत्तर खोडून दुसरं लिहिलं होतं, तिथे मी खुणा करत गेलो. एकूण खाडाखोड सव्वीस. त्यात एकोणीस वेळा बरोबर उत्तर खोडून चूक लिहिलेलं. मी बेरीज फळ्यावर मांडली आणि सांगितलं, "पहिलं उत्तर बदलायचं नाही. लेखीत नाही, तोंडीत तर मुळीच नाही. साहेब पुन्हा विचारतात ते तुम्हाला हलवून बघायला. हलायचं नाही."

"आन् पैलं चुकलं आसलं तर?" तिसऱ्या खांबाकडून आवाज आला.

"सव्वीसात एकोणीस, सटवाजी. आकडे बघा."

त्यांनी आकडे बघितले आणि मान डोलावली. आकड्यांवर त्यांचा माझ्याइतकाच विश्वास बसला होता, तोही माझ्यामुळेच.

लेखीत सटवाजींना पन्नासपैकी एक्केचाळीस. आमच्या सहांत सर्वांत जास्त. गुलाबरावांना छत्तीस. आमच्या घरच्यांनी त्या रविवारी सगळ्यांना शिरा दिला आणि सटवाजींच्या मुलीसाठी पाटी आणून ठेवली. तोंडी व्हायची होती, तरी पाटी देऊन टाकली. मी विरोध केला नाही. हिशेबाने बघता मलाही धोका दिसत नव्हता.

तोंडी परभणीला झाली, ऐन उन्हाळ्यात. मी तिथे नव्हतो. जे सांगतो ते दोघांनी परत आल्यावर ओसरीवर बसून सांगितलं.

साहेबांच्या टेबलावर पाण्याची सुरई होती आणि तिला ओलं फडकं गुंडाळलेलं. पाच प्रश्न, प्रत्येकी चार गुण. पहिलाच प्रश्न साहेबांनी सुरईकडे बोट दाखवून विचारला, "हे फडकं कशासाठी?"

सटवाजी म्हणाले, "कापड उष्णतेचे मंदवाहक आहे, साहेब. बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही."

ही ओळ माझी. आठव्या रविवारची. घोंगडी ऊब देत नाही, असलेली ऊब अडवते, हे शिकवताना मीच ती लिहून दिली होती. कोरड्या कापडाला ती लागू आहे.

साहेब बरे होते. म्हणाले, "घाई करू नका. हात लावून बघा."

सटवाजींनी हात लावला.

"मग?"

"कापड उष्णतेचे मंदवाहक आहे, साहेब."

मी ओसरीवर हे ऐकत होतो. विचारलं, "हात लावल्यावर कळलं नाही?"

"कळलं की. फडकं वल्लं व्हतं, खिडकीतून वारं येऊलालतं. समदं कळलं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, समोरच्या बाभळीकडे बघत राहिले. "पर तुमी म्हणला व्हता, हलायचं न्हाई."

पहिल्याच प्रश्नाने ते गडबडले, पुढची उत्तरं देतानाही अडखळले. वीसपैकी नऊ. नंतर गुलाबराव आत गेले. साहेबांनी त्यांनाही सुरईच दाखवली. गुलाबराव म्हणाले, पाणी वाऱ्यावर उडून जाताना सुरईची ऊब बरोबर घेऊन जातं, वारा नसेल तर तसं होत नाही. साहेब खुश झाले. वीसपैकी सोळा.

कचेरीबाहेर तक्ता लागला. एक्केचाळीस अधिक नऊ, पन्नास. छत्तीस अधिक सोळा, बावन्न. निवडीची यादी बावन्नवर संपली आणि शेवटचं नाव गुलाबरावांचं होतं.

गुलाबराव पेढे घेऊन आले, पण पुडा हातातच धरून उभे राहिले. त्यांच्या तोंडून त्या दिवशी पहिल्यांदाच सावकाश शब्द निघाले. "गुरुजी, माझं उत्तर सटवाजींचं आहे. मी नाव मागे घेतो." मी सगळा तक्ता वहीत उतरवून आणला होता. एक्कावन्न गुणांचे दोन उमेदवार मध्ये होते. गुलाबरावांनी नाव मागे घेतलं तरी जागा सटवाजींना जाणार नव्हती. मी त्यांना तसं सांगितलं. सटवाजींनी स्वतः एक पेढा उचलून गुलाबरावांच्या तोंडात घातला. "खावा, गुलाबराव. वल्लं घोंगडं तुमच्या तरी कामाला आलं. न्हाई तर दोगांचंबी वाळलं आसतं."

ते उठले, घोंगडी खांद्यावर टाकली. आमच्या घरच्या दारात उभ्या होत्या. त्यांना म्हणाले, "वहिनी, पाटी ठिवून घेतो. पोरीला आवडली हाय."

त्यानंतर मी एक गोष्ट केली ती आधी करायला हवी होती. चाचण्यांचे सगळे कागद पुन्हा काढले आणि सव्वीस खाडाखोडी माणसागणिक वेगळ्या केल्या. गुलाबरावांच्या अकरा, बाकी चौघांच्या मिळून अकरा. सटवाजींच्या चार. त्या चारही वेळा त्यांनी चूक उत्तर खोडून बरोबर लिहिलं होतं. चारपैकी चार. माझी बेरीज बरोबर होती. पण तिच्यात हा माणूस दिसत नव्हता, आणि मी ती नेमकी त्यालाच लावली.

गुलाबराव चांगले मापक झाले. वर्षातून दोनदा भेटतात, अजून घाईने बोलतात, पण पट्टीवरचा आकडा दोनदा वाचून लिहितात असं सांगतात. ओसरीवर मी पुढल्या वर्षीही वर्ग घेतला. नऊ उमेदवार आले, हुशार होते, तिघे लागले. कुणी काही विचारलं नाही. भांडं म्हटलं की भांडं. मी प्रश्न लिहून मुद्दाम थांबत असे, तिसऱ्या खांबाकडे बघत असे. तिथे एक तरुण बसे, तो बिचारा गोंधळून म्हणे, "लिहून घेतलं, सर." दोन वर्षांनी वर्ग बंद केला. कारण विचारलं तर मी प्रकृतीचं सांगतो.

या आषाढाच्या अखेरीस मला एका कामासाठी देवगाव फाट्याला उतरावं लागलं. काम झालं, परतीची एसटी दीड तासाने होती. पाऊस भुरभुरत होता. रस्त्याच्या कडेच्या माळावर मेंढरं दाटीने उभी होती आणि पलीकडे घोंगडीची खोळ डोक्यावर घेतलेला माणूस. चालीवरून ओळखलं. त्यांनी मला छत्रीवरून ओळखलं म्हणे. तीन वर्षांनी तीच छत्री.

"गुरुजी, तुमी? या माळावर? तुमी तर मला माळ इसरा म्हणला व्हता."

मी छत्री त्यांच्यावर धरायला गेलो तर हसले. भिजलेल्या माणसाला छत्री कशाला. मग मी ते सांगितलं, तीन वर्षं जे सांगायचं राहिलं होतं. सव्वीसातल्या चार खुणा, चारही बरोबर. सांगताना मला वाटत होतं की ते रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "चार का? मला वाटलं तीन."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"आपण काय खोडलं ते आपल्याला ठाऊक नसतंय व्हय? पर गुरुजी, तुमच्या नियमाचं एकट्याचं न्हाई ते. सुरईला हात लावला तवा उत्तर तोंडात आलतं. पर ते आमच्या घरचं उत्तर. मला वाटलं, एवढ्या मोठ्या कचेरीत घरचं उत्तर कसं चालंल?"

ते त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी छत्री मिटली. पाऊस तसा फार नव्हताच.

मुलीचं विचारलं. यशोदा आता आठ वर्षांची. चूल एका जागी बसली नाही, म्हणून शेवटी मुलीलाच एका जागी ठेवलं : पालमला, ज्या मामाकडे ते स्वतः शिकले त्यांच्याच घरी. तिसरीत आहे. "दिवाळीला भेटती, आन् उन्हाळ्यात धा दिस. पाटी तीच हाय, फुटली न्हाई अजून. तिची माय रोज म्हणती, घिऊन येऊ का परत. मी म्हणतो, राहू दे." बाहेर सरलेलं एक मेंढरू त्यांनी काठीने आत लोटलं. मग म्हणाले, "मागल्या दिवाळीत तिनं एक इचारलं, मला सांगता आलं न्हाई. तुमी सांगा."

"विचारा."

"वल्लं घोंगडं घागरीला गुंडाळलं की पाणी गार. हे खरं?"

"खरं."

"मग पावसात हे वल्लं घोंगडं आमच्या अंगावर हाय, वारंबी हाय, तर आमी गार कामून पडत न्हाव? उलट ऊब येती. सुती धोतर भिजलं की हुडहुडी भरती, घोंगड्यात भरत न्हाई. पोरगी म्हणली, आबा, घागरीला एक न्याय आन् आपल्याला दुसरा?"

मी एकवीस वर्षं उष्णता शिकवली आहे. मला उत्तर आलं नाही. तसं सांगितलं. "माहीत नाही, सटवाजी. बघून सांगतो."

"बगा," ते म्हणाले. "घाई न्हाई. पैलंच उत्तर द्या आसं म्या म्हणत न्हाई." आणि स्वतःच मोठ्याने हसले. एसटी आली. काचेतून मागे बघितलं तेव्हा मेंढरं हलली होती.

शाळेच्या पुस्तकांत उत्तर नव्हतं. एका जुन्या इंग्रजी पुस्तकात दोन ओळी सापडल्या : कोरडी लोकर हवेतला ओलावा पिते आणि पिताना स्वतः थोडी तापते. पुस्तकात आहे म्हणून मान्य करायची माझी सवय आता गेली आहे. घरातल्या घोंगडीचा हातभर तुकडा घेतला. आमच्या घरच्या म्हणाल्या, "कापा, कापा. पांघरायला फळा घ्या थंडीत." उघडीप पडलेल्या दिवशी तुकडा कडक उन्हात वाळवला, कोरड्या डब्यात बंद करून थंड होऊ दिला, मग घडीत तापमापक ठेवून दुसऱ्या बंद डब्यात टांगला. त्याच्या तळाला ओली वाळू होती. सुरुवातीला अठ्ठावीस अंश. अर्ध्या तासाने साडेएकतीस. तीनदा केलं. साडेतीन, तीन, साडेतीन अंश वाढ. सुती कापडावर केलं, तर एक अंशाच्या आसपास.

उत्तर हातात होतं आणि ते द्यायचं कुठे ते कळत नव्हतं. मेंढरांना पत्ता नसतो. देवगाव फाट्याला पुन्हा दोन खेपा केल्या. माळ रिकामा होता. शेवटी पालमच्या शाळेच्या पत्त्यावर पत्र लिहिलं : यशोदा सटवाजी, इयत्ता तिसरी. सोप्या भाषेत लिहिलं. आकडे सगळे दिले.

अकराव्या दिवशी उत्तर आलं. रेघा आखलेल्या कागदावर मोठी मोठी अक्षरं. लिहिलं होतं, "गुरुजींना नमस्कार. तुमचे पत्र मिळाले. मी वर्गात वाचून दाखवले. आबा दिवाळीला येतील तेव्हा त्यांना सांगेन. पण तुमची घोंगडी खळीची होती का खळ गेलेली?"

नव्या घोंगडीला विणल्यावर चिंचोक्याची खळ देतात, म्हणजे ती ताठ राहते आणि पाणी लवकर पीत नाही. वापरून वापरून खळ जाते. हे मला ठाऊक होतं. प्रयोगाच्या वेळी सुचलं नव्हतं. पुस्तकातही नव्हतं.

मी पत्र आमच्या घरच्यांना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आली का तिसऱ्या खांबाकडून शंका?" मी चष्मा पुसायला आत गेलो.

त्याच दिवशी उत्तर लिहिलं. "बहुतेक खळ गेलेली. पण खात्री नाही, म्हणून माझं उत्तर अर्धं समज. नव्या घोंगडीवर करून बघायला हवं. आबा दिवाळीला आले की त्यांना सांग, एक खळीची घोंगडी घेऊन पाथरीला या, तुलाही घेऊन या. डबा, वाळू आणि तापमापक माझ्याकडे आहे."

पत्र टाकल्याला आज तेवीस दिवस झाले. दिवाळीला अजून एकतीस आहेत.